एका शिळेवर ६०० वर्षं

गेल्या उन्हाळ्यात भाची कुरखेड्याला आली होती. पुण्यात शिकते. तिची एक मैत्रीण स्वित्झर्लंडला फिरून आलेली, तिचे फोटो ही मला मोबाइलवर एकेक करून दाखवत होती. रोमन काळातलं दगडी नाट्यगृह, तळ्याकाठचा मध्ययुगीन किल्ला, आणि मग जिनिव्हाचं चर्च. याच चर्चमधून प्रोटेस्टंट पंथाचा एक मोठा प्रवाह युरोपभर गेला. दाखवता दाखवता ती थांबली आणि म्हणाली, "मामाजी, आपल्या गडचिरोलीसारखे तीन जिल्हे जोडले की हा देश होतो. डोंगर आणि जंगल तिकडेही आहेच. मग आपल्याकडे असं काही का नाही?"

असा प्रश्न मी आधीही ऐकला आहे. बाहेरून बदली होऊन आलेले लोक विचारतात, आपली मुलंही विचारतात. झाडीपट्टी म्हणजे जंगल, जंगल म्हणजे इतिहासाच्या बाहेरची जागा, असं आपल्याही मनात कुठेतरी बसून गेलं आहे. मी तिला म्हटलं, आहे, सगळं आहे, फक्त ते वाचायचं कसं हे कुणी आपल्याला शिकवलं नाही. त्या संध्याकाळी अंगणात बसून तिला जे सांगितलं, ते थोडं नीट करून इथे लिहितो.

जमीन वर कशी येते?

जिनिव्हाच्या त्या सेंट पीटरच्या चर्चपासूनच सुरुवात करू. आज उभी असलेली इमारत बाराव्या शतकात बांधायला घेतली. १५३६ साली शहराने नवा पंथ स्वीकारला आणि तिथे धर्मसुधारक कॅल्विन प्रवचनं देऊ लागला. त्या फरशीखाली पुरातत्त्वज्ञांनी खोदलं, तेव्हा रोमन काळातल्या, चौथ्या शतकातल्या चर्चचे अवशेष निघाले. एकाच जागी तीन युगं, एकाखाली एक.

जुनं खाली जातं कसं? कुणी पुरत नाही. आपल्या मातीच्या घरांकडे पाहा. दर सणाला सारवण होतं आणि एक पातळ थर चढतो. भिंत पडली तर ती माती कुणी गावाबाहेर वाहून नेत नाही, तिथेच पसरून ठोकतात आणि वर नवी भिंत घालतात. चुलीतली राख, फुटकी मडकी, शेण, काडीकचरा सगळं तिथेच राहतं. शंभर वर्षांत घराची जमीन हात-दोन हात वर येते. हजार-दोन हजार वर्षांत तिथे टेकाड होतं. राखेमुळे तिथली माती फिकट पडते, म्हणून मराठीत जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. पुरातत्त्वज्ञ जे शोधतात, ते नेमकं आपल्या भाषेने आधीच नाव देऊन ठेवलं आहे.

वैनगंगेच्या काठची पवनी अशीच थरांवर बसलेली. तिथे १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या उंचवट्याला ओळखत, त्याच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला, इसवी सनापूर्वीच्या शतकांतला. तिथलं पाणी आपल्या वडशावरूनच पुढे वाहतं.

देवटेकची शिळा

वडसा ओलांडून ब्रह्मपुरी, आणि पुढे नागभीड. त्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं छोटं गाव आहे. इथे एक मोठी शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत आणि त्या दोघांमध्ये सुमारे ६०० वर्षांचं अंतर आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७७ साली अशोककालीन लेखांचा संग्रह छापला, त्यात या शिळेचा समावेश होता. पण तिचा अर्थ नीट लावला तो नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी, १९३५च्या सुमारास.

जुना लेख अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीत आहे. त्यात कुणा स्वामीची आज्ञा आहे, की चिकंबरी इथे प्राण्यांना पकडू नये, मारू नये. राज्याचं १४ वं वर्ष दिलं आहे. ही आज्ञा अशोकाच्या धर्ममहामात्राने, म्हणजे धर्मविषयक अधिकाऱ्याने, काढली असावी असं मिराशींनी मांडलं. दुसरा लेख वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याचा, चौथ्या शतकातला, त्याच चिकंबरीतल्या त्याच्या धर्मस्थानाचा.

आता खरा प्रश्न. दगडावर सन लिहिलेला नाही, मग ६०० वर्षं आली कुठून?

अक्षरांच्या आकारावरून. अशोकाच्या काळची ब्राह्मी अगदी साधी आहे, काडीने रेघ ओढावी तशी. 'क' म्हणजे अधिकाची खूण, 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ. आपल्या आजच्या 'ठ'च्या पोटात ते वर्तुळ अजून आहे. पुढे बोरू शाईत बुडवून लिहिण्याची सवय वाढली. बोरू टेकवला की पहिल्या क्षणी शाईचा ठिपका जाड उमटतो, म्हणून अक्षराच्या माथ्यावर गाठ दिसू लागली. लिपिकारांना ती आवडली असावी, कारण पुढे ती मुद्दाम कोरू लागले. वाकाटकांच्या ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. कालांतराने याच गाठी पसरून जोडल्या गेल्या आणि आपली शिरोरेघ तयार झाली. अक्षर कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहिलं की काळ कळतो. आजोबांची वही आणि नातवाची वही शेजारी ठेवली, तर कुठली जुनी हे सांगायला तारीख लागत नाही.

पण त्याने फक्त आधी-नंतर कळतं. नेमकं शतक कसं ठरवायचं? आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना जन्मतारीख ठाऊक नसते. त्या सांगतात, अमक्या दुष्काळाच्या साली माझं लग्न झालं. दुष्काळाचं साल सरकारी कागदात असतं, त्यावरून त्यांचं वय निघतं. इथेही तसंच केलं गेलं. अशोकाने आपल्या एका शिलालेखात अंतियोक, तुरमय अशा पाच ग्रीक राजांची नावं दिली आहेत आणि त्या राजांच्या तारखा भूमध्य समुद्राकाठच्या इतिहासात पक्क्या आहेत. म्हणून अशोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. वाकाटकांची गाठ गुप्तांशी पडते. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली होती, आणि गुप्तांचे लेख त्यांच्या स्वतःच्या संवतात तारीख देतात. तिच्यापासून पिढ्या मागे मोजल्या की पहिला रुद्रसेन चौथ्या शतकाच्या मध्यावर येतो.

मला या शिळेतली सगळ्यात जवळची वाटते ती चिकंबरी. देवटेकजवळ आज चिकमारा नावाचं गाव आहे. मिराशींनी चिकंबरी म्हणजे हेच चिकमारा असं दाखवलं. सव्वादोन हजार वर्षं घासून घासून एक नाव थोडंसं बदललं, पण जागेवरून हललं नाही. आणि ती आज्ञा प्राण्यांना मारू नये अशी! आज ब्रह्मपुरी-नागभीडच्या पट्ट्यात वाघ आणि माणूस यांचा संघर्ष रोजचा झाला आहे. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईचं काय झालं हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्याच मातीत प्राण्यांबद्दल इतकी जुनी लेखी आज्ञा निघाली होती, हे इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगायला हवं. शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

रोम आणि हिरा

रोमन काळ म्हटला की आपण लगेच युरोपकडे पाहतो. पण रोमचा व्यापार महाराष्ट्रात आत आतपर्यंत येत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात (ही आपली ब्रह्मपुरी नव्हे) १९४०च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. उलट इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेतून १९३८ साली भारतीय हस्तिदंती बाहुली निघाली, आणि तिच्याशी मिळतीजुळती बाहुली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. पाँपेई ज्या उद्रेकात गाडलं गेलं त्यातच, इसवी सन ७९ मध्ये, प्लिनी हा रोमन लेखक मेला. त्याने आपल्या ग्रंथात भारतातल्या हिऱ्यांबद्दल लिहिलं आहे. हिऱ्याच्या बारीक कपच्या लोखंडात बसवून कारागीर कठीण दगड कोरतात, हेही त्याने नोंदवलं.

आता वैरागड. आरमोरी तालुक्यातलं, कुरखेड्याहून फार लांब नाही. या नावाचा उलगडा असा सांगतात: संस्कृतात हिऱ्याला 'वज्र' आणि खाणीला 'आकर', म्हणजे वज्राकर. प्राकृतात 'वज्र'चं 'वइर' होतं. चोळ राजा कुलोत्तुंग पहिला १०७० साली गादीवर आला. त्याच्या तमिळ लेखांत 'वयिराकरम' इथे हत्ती पकडल्याचं सांगितलं आहे, आणि अभ्यासकांनी ते वैरागड मानलं. पुढे अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'तही बैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख येतो.

हिरा जमिनीत फार खोल तयार होतो. तिथून ज्वालामुखीसारख्या नळीतून वर येतो, वरचा खडक झिजतो आणि हिरा मोकळा होऊन वाळू-गोट्यांत जाऊन बसतो. खडक फोडून हिरा काढायची गरज नसते. धान पाखडावं तशी खडी चाळायची. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा मुख्य देश भारतच होता. वैरागडचाच हिरा रोमला पोचला असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण तमिळ देशातल्या चोळांना आणि आग्र्याच्या बादशहाला ज्या गावाची माहिती होती, ते गाव इतिहासाच्या बाहेर होतं असं कुणी म्हणू नये.

दगड दगडावर कसा राहतो?

चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. महाशिवरात्रीला निम्मा जिल्हा तिथे असतो. वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि त्या वळणावर देवळांचा समूह आहे. कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात तिथे गेला, तेव्हा त्याला खजुराहोची आठवण झाली.

लोक त्यांना 'हेमाडपंती' म्हणतात. आपल्याकडे चुना न वापरता बांधलेलं कुठलंही काळं देऊळ हेमाडपंती होतं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मार्कंड्याची मुख्य देवळं त्याच्या आधीची आहेत, काही दोन-तीनशे वर्षांनी तरी. 'हेमाडपंती' हा शब्द बांधणीची पद्धत म्हणून चालेल, काळ म्हणून नाही. या एका शब्दामुळे विदर्भातल्या कितीतरी देवळांचं वय आपण स्वतःहून कमी करून टाकलं, याचं मला वाईट वाटतं.

चुना नाही, सिमेंट नाही, मग हे उभं कसं? वजनामुळे. दगडाच्या बैठका इतक्या सपाट घासतात की वरचं ओझं खालच्याला जागचं हलू देत नाही. जिथे सरकण्याची भीती, तिथे एका दगडाला उंचवटा ठेवतात आणि दुसऱ्याला खाच, सुतार दाराची चौकट जोडतो तसं. छत आणि शिखर करताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवतात. आपण शेतात धानाचं पुंजणं रचतो तेव्हा वर वर जाताना पेंड्या आत घेतो आणि माथा बंद करतो, तेच तत्त्व.

यात एक कमजोरी आहे. शाळेतला खडू उभा धरून दाबला तर मोडत नाही, पण आडवा धरून वाकवला की लगेच तुटतो. दगडही तसाच. दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली की तिचा खालचा भाग ताणला जातो आणि तिथून तडा जातो. म्हणून या देवळांत खांब जवळजवळ आणि सभामंडप लहान. मार्कंड्याच्या मुख्य देवळाच्या शिखराचा वरचा भाग वीज पडून कोसळल्याची नोंद आहे, आणि पुढे गोंड राजांच्या काळात डागडुजी झाली. वरून पडलेला दगड खालच्या छताला केवळ ओझं देत नाही, हादरा देतो, आणि दगडाला तो सोसत नाही.

> चौकट: जुन्या देवळात गेलात तर
> आधी सांधे पाहा. चुना दिसला तर तो मूळचा आहे की नंतर भरलेला, हे कडेला बोट फिरवून कळतं. मूळच्या सांध्यात नखही शिरत नाही. मग खांब मोजा. बाकीच्यांसारखी नक्षी नसलेला, जरा वाकडा, तुळईच्या बरोबर मधोमध उभा असलेला खांब दिसला, तर तो दुरुस्तीचा टेकू आहे, आणि वर पाहिलंत तर तडाही सापडेल. अक्षरं दिसली तर त्यांवर शेंदूर, तेल, ऑइलपेंट लावू नका. फोटो काढताना टॉर्च बाजूने तिरपा धरा, म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि पुसट अक्षर वाचता येतं.

किल्ला आणि तलाव

गोंड राजांबद्दल बोलायचं तर चंद्रपूरचा परकोट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर ही त्याची चार दारं, आणि दारांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह. वैरागडचा किल्लाही त्याच राजवटीशी जोडला जातो. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं राज्य घेतलं, १८१८ साली इंग्रजांनी परकोट फोडला.

पण मध्ययुगाचा वारसा म्हणून मी भाचीला दाखवला तो आमच्या रस्त्यालगतचा तलाव. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला गोंड राजे जमीन देत, त्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी, असं परंपरा सांगते. चंद्रपुरातलं 'तुकूम' हे नाव त्याच व्यवस्थेतलं. या पद्धतीतली हुशारी लक्षात घ्या. तलाव जितका चांगला, तितकी जमीन जास्त, म्हणजे राजाला वर देखरेखीला माणूस ठेवावा लागत नव्हता. उताराला आडवी मातीची पाळ, टोकाला सांडवा, खाली बांध्या. पाळीच्या पोटात ना लोखंड ना दगड. तरी कित्येक पाळी आजही पाणी धरून आहेत. किल्ले ओस पडले, तलाव अजून कामावर आहेत.

जिनिव्हा ते नागपूर

राहिला प्रोटेस्टंट भाग. त्याचाही धागा इथवर येतो. जिनिव्हात कॅल्विनजवळ राहून गेलेला जॉन नॉक्स स्कॉटलंडला परतला आणि १५६० मध्ये त्या देशाने जुनी चर्चव्यवस्था सोडली. १८४३ साली तिथल्या चर्चमध्ये फूट पडून 'फ्री चर्च' निघालं, आणि त्याचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात उतरला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं.

या पंथाचं म्हणणं असं, की धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत स्वतः वाचावा, मध्ये पुरोहित नको. त्यामुळे मिशनरी जिथे जाईल तिथली भाषा शिकणं त्याला भागच पडे. भाषा शिकायची तर शब्द गोळा करायचे, वाक्यं उतरवायची, आणि वाक्यं उतरवताना गाणीही येतात. हिस्लॉपने एका परधानाकडून लिंगोचं गोंडी गीत लिहून घेतलं. गुहेत कोंडलेल्या गोंडांची लिंगो सुटका करतो, ती कथा. कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला आपल्या तालुक्यातून गाड्या भरून जातात, ती हीच गुहा मानतात.

हिस्लॉपचा हेतू धर्मांतराचा होता, ते झाकण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती आलेल्या पाठात महादेव-पार्वती बरेच मिसळलेले आहेत, यावरही पुढच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं. गीत जपलं ते परधानांनी आणि गोंडांनी, त्यांच्या किंगरीने. पण १८६०च्या आधी ते गीत कसं गायलं जात होतं, याचा कागदावरचा पुरावा त्याच्या वहीमुळे उरला. तो खडकांचाही अभ्यासक होता. वरोऱ्याजवळच्या मांगलीचे जीवाश्म त्याच्यामुळे जगापुढे आले. ४ सप्टेंबर १८६३ला नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, रात्री फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली.

उभे दगड

तो जी वर्तुळं पाहायला गेला होता ती रोमच्याही आधीची, लोहयुगातली. मोठे दगड गोल मांडून त्यांच्या मध्ये मृताला भांड्यांसह, हत्यारांसह पुरलेलं असतं. चिमूर तालुक्यात हिरापूरलाही असे महाशिलांचे अवशेष आहेत. मांडणारे लोक काही लिहून गेले नाहीत. मग हे दगड वाचायचे कसे?

तिथे आपला जिल्हा साऱ्या जगाला मदत करतो. भामरागड, एटापल्लीकडचे माडिया आजही मृतासाठी दगड उभा करतात. दगड कोण आणतो, कुठल्या कुळाची जागा कुठली, किती दिवसांनी जेवण घालायचं, याचे नियम आहेत, आणि ते सांगू शकणारी माणसं आहेत. अभ्यासक तिथे जाऊन एवढा दगड हलवायला किती माणसं लागतात, गावाला किती खर्च येतो, हे पाहतात, आणि मग प्राचीन शिळावर्तुळाभोवती केवढा समाज जमला असेल याचा अंदाज बांधतात. माडियांची रीत आणि ती जुनी वर्तुळं एकच, असं म्हणता येत नाही, मध्ये दोन-अडीच हजार वर्षं आहेत. पण प्रश्न कुठले विचारायचे ते तिथे कळतं.

भाचीने हे ऐकून फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तिथे अजून थर चढतोच आहे?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वैरागडला गेलो. किल्ल्याच्या दारात वाकून तिने एका सांध्यात नख घालून पाहिलं.